कोपऱ्यावरची ड्युटी : मोटरसायकल क्लबबरोबर उत्तर इंग्लंड

शुक्रवार : हिंक्ली ते स्किप्टन

हिंक्ली हे लेस्टरशायरमधलं तसं साधंच गाव. पण ट्रायम्फचा कारखाना इथं असल्यामुळे मोटरसायकलवाल्यांच्या लेखी त्याला मान आहे. कारखान्याच्या व्हिजिटर सेंटरला लागून कॅफे आहे आणि आमच्या क्लबच्या बऱ्याच राइड तिथूनच सुटतात. जून महिना, आभाळ भरून आलेलं, पाऊस मात्र नाही. चौदा गाड्या ओळीनं लागलेल्या. तीन भल्यामोठ्या टूरर, त्यांना तिन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पेट्या. दोन क्रूझर. एक चाळीसेक वर्षांची ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची, जिच्याखाली मालक उभं केल्याकेल्या पुठ्ठा सरकवतो, कारण तेल गळतं. आणि सगळ्यात लहान माझी, ट्रायम्फ स्पीड ४००. एक सिलिंडर, ३९८ सीसी, चाळीस हॉर्सपॉवर.

टाकीवर नाव ट्रायम्फचं असलं तरी ही गाडी चाकणची, बजाजच्या कारखान्यातून आलेली. त्यामुळे हिंक्ली तिचं माहेर की सासर हे मी अजून ठरवलेलं नाही. आमचा लीडर निवृत्त पोस्टमन आहे. तो दर वेळी तोच विनोद करतो : "डक, तुझ्यामागनं आली, पण व्हिसा तुझ्याआधी मिळाला असणार तिला." इकडं मिडलंड्समध्ये दुकानदारापासून बसड्रायव्हरपर्यंत सगळे समोरच्याला डक म्हणतात. मला आता कुणी मॅडम म्हटलं तरच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

निघण्याआधी दहा मिनिटं सूचना. नवीन दोघं होते, म्हणून लीडरनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. आमच्याकडे घोळक्यानं गाडी चालवायची एक ठरलेली पद्धत आहे. सगळ्यांत पुढं लीडर, सगळ्यांत मागं पिवळ्या जाकिटातला शेवटचा माणूस, ज्याला इथं टेल-एंड चार्ली म्हणतात. ही दोघं दिवसभर बदलत नाहीत. वळण आलं, म्हणजे रस्ता सोडून दुसरा धरायचा असला, की लीडर हातानं रस्त्याकडेची जागा दाखवतो आणि त्याच्या मागची गाडी तिथं थांबते. तिनं तिथं उभं राहून मागून येणाऱ्या प्रत्येकाला "इकडं वळा" दाखवायचं. पिवळं जाकीट दिसलं की त्याच्या पुढं शिरायचं. पुढच्या वळणाला दुसरा कुणी थांबतो. असं करत करत शेवटाला गेलेला माणूस हळूहळू पुन्हा लीडरच्या मागं येऊन पोचतो आणि पुन्हा त्याची पाळी लागते.

यातली मेख अशी की पुढच्याला गाठायची गरज कुणालाच उरत नाही. माझी चारशेची गाडी असो की बाराशेची, वळणावर माणूस उभा असणारच. पुण्याहून लोणावळ्याला किंवा ताम्हिणीत ग्रुपनं गेलेल्या कुणालाही ठाऊक असेल, की निम्मे अपघात "पुढचे दिसेनात" म्हणून झालेल्या ओव्हरटेकमध्ये होतात. आकडा माझा नाही, अंदाज आहे. पण गेलेल्यांना विचारून बघा. नियम एकच आणि तो कडक : नेमून दिलेली जागा सोडायची नाही. पाऊस असो, लघवी लागलेली असो, दहा मिनिटं कुणी फिरकलं नसो.

ॲशबोर्नपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. तिथून पुढं डर्बीशायरचे डोंगर सुरू होतात आणि रस्ता उतरत उतरत क्रॉमफर्डला येतो. १७७१ साली रिचर्ड आर्कराइटनं इथं पाण्याच्या चाकावर चालणारी सूतगिरणी काढली. पाळीनं काम, भोंग्याऐवजी घंटा, कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या ओळी, हा सगळा प्रकार इथून सुरू झाला आणि शंभरएक वर्षांत मुंबईपर्यंत पोचला. माझ्या सासूबाई लालबागच्या. त्यांना गिरणीच्या भिंतीचा फोटो पाठवला. उत्तर आलं : "ही बरी उभी ठेवलीय त्यांनी."

शेजारीच मॅटलॉक बाथ. दरीतून नदी, नदीच्या काठानं एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर रविवारी शेकड्यांनी मोटरसायकली. समुद्र इथून लांब आहे, तरी गाव अगदी चौपाटीवर असल्यासारखं वागतं : आइस्क्रीम, खेळण्यांची दुकानं आणि ओळीनं फिश-अँड-चिप्स. शुक्रवार म्हणून जागा मिळाली. चिप्सवर व्हिनेगर आणि माझ्या टँकबॅगेतला भाजक्या पोह्यांचा चिवडा, हे मिश्रण आता क्लबमध्ये रूढ झालंय.

बेकवेल, हॅदरसेज करत लेडीबॉवर धरणापाशी आलो आणि तिथल्या सिग्नलला लीडरचा हात माझ्याकडं वळला. गाडी कडेला लावली, हेल्मेटची काच वर केली. समोर पाणी, मागं पुलाच्या कमानी. इथं पाण्याखाली डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं आहेत. १९४५ साली धरणाचं उद्घाटन झालं. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर राहिला होता, तो १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. लोक पोहत त्याच्याकडं जायचे म्हणे, आणि जिवाशी खेळ नको म्हणून. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा घरांचे चौथरे उघडे पडले आणि ते बघायला मुंग्यांसारखी माणसं आली. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बघायला आपण जातोच की. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी मला विचारलं, "गाडी बंद पडली का गं?" मी म्हटलं, नाही, खांब झालेय. त्यांना ते पटलं.

तिथून स्नेक पास. ए-५७ हा रस्ता शेफील्डहून मँचेस्टरकडं जाताना पेनाइन डोंगर ओलांडतो. नाव ऐकून वाटतं वळणांमुळे पडलं असेल, पण ते ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या कुलचिन्हातल्या सापावरून आलंय. दरडी कोसळून रस्ता अधूनमधून बंद पडतो, डांबर काही ठिकाणी लाटांसारखं झालंय. इथं मला क्लबनं शिकवलेली एक गोष्ट खरी कामाला येते. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथं एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूकडं बघायचं. तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. लांब पळायला लागला तर वळण मोकळं होतंय, थ्रॉटल द्या. बिंदूपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यात थांबता येईल एवढाच वेग. बस्स. स्पीडोमीटर बघायची गरज पडत नाही. पडते फक्त कॅमेऱ्यांसाठी.

ग्लॉसप, मग होम मॉसचा उघडा माथा, मग हॅलिफॅक्सच्या बाजूचे चढउतार. होम मॉसवर तेल गळणाऱ्या त्या ट्विनची, आमच्या तेलवालीची, क्लचकेबल तुटली. मालकानं सीटखालून जुनी सायकलची केबल आणि तिच्या टोकाला बसवायचं पितळी निपल काढलं, क्लबातल्या प्लंबरनं पक्कड. वीस मिनिटांत गाडी चालू. अंधार पडायच्या खूप आधी स्किप्टन. जूनमध्ये इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे "अंधाराच्या आत पोचू" या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

शनिवार : स्किप्टन ते कर्बी लॉन्सडेल

आजचा दिवस यॉर्कशायर डेल्सचा. डेल म्हणजे नदीचं खोरं. सेटलवरून वर चढत रिबलहेडला आलो. चोवीस कमानींचा रेल्वेपूल, उंची ३२ मीटर, आजूबाजूला ना गाव ना झाड. १८७० ते ७४ मध्ये तो बांधला तेव्हा मजुरांची अख्खी वस्ती या दलदलीत होती. अपघात, देवी, थंडी यांनी शंभरावर माणसं गेली. १९८० च्या दशकात दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून हा मार्गच बंद करायचं घाटत होतं, लोकांनी लढून १९८९ मध्ये वाचवला. आम्ही चहाच्या गाडीपाशी उभे असताना एक मालगाडी पुलावरून गेली. आमच्यातले सगळे, म्हणजे पन्नाशी-साठीचे बाप्ये, तोंडातला घास तसाच ठेवून तिच्याकडं बघत होते.

हॉजला वेन्स्लीडेल चीज. इथं ते फ्रूटकेकच्या तुकड्याबरोबर खातात. ऐकायला कसंतरी वाटेल, पण खारट-गोड जमून येतं. दोन तुकडे जास्त घेतले.

हॉजहून बटरटब्ज पास. चढ, मग डावीकडं दरी आणि तिच्या काठाला तारेचं कुंपण एवढाच आधार. माथ्याजवळ रस्त्याला लागून चुनखडीत खोल खड्डे पडलेत. बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाळ्यात लोणी या गार खड्ड्यांत सोडून ठेवायचे, म्हणून हे नाव, असं सांगतात. उतारावर मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या. मेंढीचं एक लक्षात ठेवायचं : एक दिसली तर कोकरू रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असणार आणि ते आईकडं धावणार तुमची गाडी मधे आल्यावरच. कोकराची आई कुठं आहे ते आधी बघा, मग पुढं जा.

उतार संपतो तिथं थ्वेट नावाची दहावीस घरांची वाडी. डावीकडं वळायचं होतं आणि पाळी माझी.

एक-एक करत सगळे गेले. दहावा गेला, अकरावा गेला. मग कुणी नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोबाइलला रेंज नाही. इंजिन गार होताना टिकटिक करत होतं, तेही थांबलं. आता काय करणार, बघत बसले. आणि खरं सांगायचं तर हे स्वेलडेलचं खोरं मी बघितलं ते तिथं उभं राहून. चालवताना डोळ्यांपुढं फक्त तो बिंदू असतो आणि रस्त्यावरची खडी.

माझ्या शेजारी दगडी गडगा होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते रचलेले दगड. जवळून पाहिलं तर ती एक भिंत नाही, दोन आहेत. दोन्ही बाजूंनी दगड आत कलत नेलेले, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर, दर काही थरांनंतर आरपार जाणारा एक लांब दगड दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आणि सगळ्यांत वर उभे लावलेले दगड, पुस्तकांसारखे. एका ठिकाणी तळाशी चौकोनी भोक होतं, मेंढी जाईल एवढं. त्याला फळी लावलेली. भिंतीपलीकडं गवताचं कुरण. हिरवं म्हणावं तर त्यात पिवळी, जांभळी, पांढरी फुलं इतकी की गवत शोधावं लागत होतं. ही कुरणं जुलैत कापेपर्यंत कुणी तुडवायची नाहीत. पायवाट कुरणातून जाते तिथं एकामागोमाग एक चाला अशी पाटी असते. प्रत्येक कुरणाच्या कोपऱ्यात दुमजली दगडी गोठा. खाली गुरं, वर त्याच कुरणातलं गवत. गवत गावात वाहून न्यायचं आणि शेण परत शेतात आणायचं, दोन्ही खेपा वाचल्या.

एक शेतकरी क्वाडबाइकवरून आला, मागं कुत्रा उभा. माझ्या गाडीकडं बघून थांबला. मी विचारलं, वरच्या डोंगरावर कुंपण दिसत नाही, मेंढ्या दुसऱ्याच्या हद्दीत जात नाहीत का? तो म्हणाला, जात नाहीत, त्यांना आयांनी दाखवलेलं असतं. कोकरू आईबरोबर ज्या उतारावर चरतं तो उतार ते जन्मभर सोडत नाही. म्हणूनच शेत विकलं तरी कळप त्या डोंगराबरोबरच राहतो. २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा उत्तर इंग्लंडमध्ये कितीतरी कळपच्या कळप मारावे लागले. मेंढ्या पैसे टाकून परत आणता येतात, डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या आणता येत नाहीत. एवढं बोलून त्यानं पहिल्यांदा गाडीविषयी विचारलं. किती देते हे नाही. इथं ॲव्हरेज कुणी विचारत नाही. "कुठं बनली?" चाकण, पुण्याजवळ. "बरी दिसते," म्हणाला आणि गेला. यॉर्कशायरमध्ये ही भरघोस स्तुती धरतात.

पिवळं जाकीट दिसलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला असावा. तेलवालीची केबल पुन्हा सुटली होती.

कील्डच्या पुढं चढ लागला आणि ढगात शिरलो. कॅटल ग्रिड एकामागून एक. रस्त्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी नळ्या, ओल्या झाल्या की साबण. त्यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, गाडी सरळ उभी ठेवून जायचं. टॅन हिलच्या फाट्याला क्लबातला तरुण इलेक्ट्रिशियन पावसात उभा होता. हेल्मेटवरनं पाणी निथळतंय, हात वळणाकडं. आधी हात दिसला, मग माणूस, मग गाडी. त्याला ओलांडताना मी मान वाकवली. इथले बाइकवाले एकमेकांना तेवढंच करतात. तो पबात आला तेव्हा सगळ्यांनी त्याला शेकोटीजवळची खुर्ची रिकामी करून दिली, न बोलता.

टॅन हिल इन ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, ५२८ मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीवाल्याला हसू येईल. पण झाड नाही, आडोसा नाही, आणि वारा थेट तोंडावर. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात साठेक माणसं इथं बर्फात तीन रात्री अडकली होती. त्यात ओएसिसची गाणी वाजवणारा एक बँडही होता. तीन रात्री तीच गाणी, असं आमचा पोस्टमन गंभीर चेहऱ्यानं सांगतो.

खाली कर्बी स्टीफनला ऊन. तिथून सेडबरपर्यंतचा ए-६८३ हा माझ्या मते या चार दिवसांतला सगळ्यांत सुंदर रस्ता. त्याच्याविषयी मी काही लिहिणार नाही. जाऊन या.

रविवार : लेक डिस्ट्रिक्ट

सकाळी डेव्हिल्स ब्रिज. कर्बी लॉन्सडेलला लून नदीवर तीन कमानींचा मध्ययुगीन पूल आहे, १९३२ पासून वाहनांना बंद. दर रविवारी त्याच्या तोंडाशी बाइकवाले जमतात. कशासाठी? कशासाठीच नाही. गाड्या लावायच्या, बेकनचा पाव आणि चहा घ्यायचा, दुसऱ्याच्या गाडीभोवती हात मागं बांधून एक चक्कर मारायची, "हम्म" म्हणायचं. गोष्ट अशी सांगतात की एका म्हातारीची गाय नदीपलीकडं गेली आणि नदीला पूर आला. सैतान म्हणाला, पूल बांधून देतो, पण जो पहिला ओलांडेल तो माझा. म्हातारीनं पूल होऊ दिला, झोळीतला पाव पलीकडं फेकला आणि तिचं कुत्रं पावामागं धावलं. कुत्र्याचं पुढं काय झालं ते कुणीच सांगत नाही. मला म्हातारीपेक्षा त्याचीच काळजी वाटली.

इथून क्लब दोन तुकड्यांत फुटला. मोठ्या गाड्या कॉनिस्टन तळ्याकडून जाणार होत्या. आम्ही चौघं हलक्या गाडीवाले रायनोज आणि हार्डनॉट या दोन खिंडींकडं. हार्डनॉटचा चढ तीनास एक आहे, म्हणजे तीन मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. रुंदी एका मोटारीची. वळणं इतकी घट्ट की आतल्या बाजूचा रस्ता भिंतीसारखा उभा. पायथ्याशीच पाटी आहे, अननुभवी चालकांनी जाऊ नये म्हणून.

पहिला गिअर, मागचा ब्रेक, नजर वळणाच्या पलीकडं. दुसऱ्या वळणावर एक भाड्याची मोटार अडकली होती. चाकं जागच्या जागी फिरताहेत, क्लच जळाल्याचा वास, आत बाई डोळे मिटून. चढावर मोटरसायकल थांबवणं म्हणजे उजवा पाय ब्रेकवर आणि डावा पाय जिथं जमीन असेल तिथं. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि उताराच्या बाजूला जमीन आणखी खाली. इथं एकशेसत्तर किलोंच्या गाडीचं महत्त्व कळलं. अडीचशे किलोंची असती तर आडवी झाली असती आणि वर्णन इथंच संपलं असतं. प्लंबर गाडी लावून खाली आला, दोघा वाटसरूंना घेऊन मोटार ढकलली. आमचा रस्ता मोकळा.

पलीकडच्या उतारावर रोमनांचा किल्ला आहे. सम्राट हेड्रियनच्या काळातला, साधारण १२० ते १३८ या वर्षांतला. तटबंदी पुरुषभर उंच शिल्लक, दारांच्या जागा कळतात, स्नानगृहाचे पाये दिसतात. दूर समुद्र. दरवाजाजवळच्या पाटीवर वाचलं की इथं डाल्मेशियन तुकडी होती, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची माणसं. ॲड्रियाटिकचं ऊन सोडून इथं पावसात पहारा! आमच्यातली नर्स मुळात केरळची. ती आणि मी दगडावर बसून उरलेला चिवडा खात त्यांच्याविषयी बरंच बोललो. रजा मिळत असेल का, मिळाली तरी जायला किती महिने लागत असतील, स्नानगृहाला पाणी तापवायचं काम कुणाकडं असेल. प्लंबर म्हणाला, ते काम माझ्याकडं आलं असतं.

बर्करच्या माळावरून अल्फा, डडन नदीचं खोरं, ब्रॉटन. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. एका वळणावर घोडेस्वार दोघी आल्या. इंजिन बंद करून थांबलो. त्यांनी हात वर केला. घोड्यानं आमच्याकडं अजिबात बघितलं नाही.

सोमवार : घरी

सकाळी ट्रफ ऑफ बोलंड. लँकेशरचा हा भाग नकाशात रिकामा दिसतो आणि तसाच आहे. डन्सॉप ब्रिजला बदकं रस्ता ओलांडत होती म्हणून थांबलो. ब्रिटनचा भौगोलिक मध्य या गावाजवळ धरतात. आम्ही मध्यात आहोत असं कुणालाच काही वाटलं नाही.

मग एम-६. मोटरवेविषयी लिहिण्यासारखं काही नसतं. पाऊस, लॉऱ्यांचे फवारे, दोन तास. इथं कुणी वळणावर थांबत नाही, सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यावर, भेटायचं एवढंच ठरलेलं. स्टॅफर्डच्या पुढं ए-५ धरला, म्हणजे रोमनांचा जुना वॉटलिंग स्ट्रीट. तो सरळ हिंक्लीच्या दाराशी आणून सोडतो.

कॅफेत शेवटचा चहा घेताना लीडरनं डायरी काढली. पुढची राइड लिंकनशायर. टेल-एंडचा नेहमीचा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनला जाणार होता. "डक, तू करशील का? शेवटाला राहून कंटाळा येतो लोकांना. तुला बघत बसायला आवडतं." मी हो म्हटलं. मात्र टेल-एंडला वळणावर थांबता येत नाही, तो आला की थांबणं संपतं, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. पिवळं जाकीट डबल एक्सेल आहे, बाह्या बोटांखाली येतात. ते बेलग्रेव्ह रोडवरच्या शिंपिणीकडं टाकलंय.